व्हायोलिन हाती देण्याआधी गळा गाता करा

मूल व्हायोलिन शिकायचं म्हणालं की घरात पहिली चौकशी होते ती वाद्याच्या किमतीची आणि दुसरी क्लासची. मी त्याआधी एक तिसरी चौकशी करायला सांगेन. मूल गातं का? गोड गातं का, असं विचारत नाही. गाताना आपला सूर हलला हे त्याचं त्याला कळतं का, एवढंच पाहा. हार्मोनियमला पट्ट्या असतात, गिटारला आणि सतारीला पडदे असतात. तिथे बोट साधारण जागेवर पडलं तरी सूर लागतो. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर कसलीही खूण नसते. बोट सूतभर सरकलं की सूर उतरतो किंवा चढतो, आणि हे सांगायला वाजवणाऱ्याच्या कानाखेरीज दुसरं कुणी नसतं. हा कान तयार होतो गाण्याने. आपल्याकडे जे मोठे व्हायोलिनवादक झाले त्यांच्या तालमीचा धागा धरून मागे गेलं, तर बहुतेक वेळा तो एखाद्या गवयाच्या बैठकीपाशी जाऊन पोचतो.

बारामती, इंदापूर, भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर या टापूतल्या पालकांसाठी आणि मोठेपणी शिकू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. शेजारच्या गल्लीत व्हायोलिनचे गुरू मिळतील अशी सोय इथे नाही. तरीही इथल्या मुलाला हे वाद्य गंभीरपणे शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त क्रम चुकवू नये: आधी गाणं, मग वाद्य. मोठ्या वादकांच्या तालमीतही हेच दिसतं.

नीरा ओलांडून फलटणच्या बाजूला गेलं की सातारा जिल्हा लागतो. पं. विष्णु गोविंद जोग, म्हणजे देशभर व्ही. जी. जोग म्हणून ओळखले गेलेले व्हायोलिनवादक, याच जिल्ह्यातल्या वाईचे. जन्म १९२२चा. शंकरराव आठवले आणि गणपतराव पुरोहित यांच्याकडे सुरुवातीची तालीम, मग श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या विद्वान गायकाचं मार्गदर्शन आणि पुढे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचाही सहवास. लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात त्यांनी शिकवलं, आकाशवाणीत काम केलं, बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या वादनात गायकीइतकीच तंतकारीची, म्हणजे तंतुवाद्याच्या अंगाची, लयकारीही होती. वाईसारख्या गावातून निघालेला मुलगा लखनौ, कोलकाता असा फिरला तो गुरूच्या आणि कामाच्या शोधात. ही वणवण त्या काळी प्रत्येकाच्या वाट्याला होती.

दुसरं नाव गजाननबुवा जोशी यांचं. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे औंध संस्थानातले गवई आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. गजाननबुवांचा जन्म १९११चा. वडिलांकडून ग्वाल्हेर गायकी मिळाली, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी रामकृष्णबुवा वझे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे भुर्जी खाँ यांच्याकडे तालीम घेतली. ते गायकही अव्वल आणि व्हायोलिनवादकही अव्वल. त्यांच्या शिष्यांत उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे असे गायक आहेत आणि गोव्याच्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर यांच्यासारखे व्हायोलिनवादकही. एकाच माणसाकडून गायक आणि वादक दोन्ही घडतात, कारण त्याच्यापाशी देण्यासारखी मूळ गोष्ट एकच असते. रागाची आणि सुराची समज.

पं. डी. के. दातार हे गायकी अंगाच्या वादनातलं आणखी एक मोठं नाव. १९३२चा जन्म, २०१८ साली मुंबईत निधन. विघ्नेश्वर शास्त्री त्यांचे व्हायोलिनचे गुरू. पण त्यांच्या वादनातला तो संथ, आखीव, भक्तीच्या अंगाचा भाव आला तो पं. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांच्या गाण्यातून. पलुस्करांच्या मैफलींत ते साथीला बसत. साथ म्हणजे काय, हे इथे नीट समजून घेतलं पाहिजे. गायक एक जागा घेतो, ती संपता संपता वादकाला ती कानात धरून तशीच उमटवायची असते, आणि तोवर गायक पुढच्या जागेकडे वळलेला असतो. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाच्या बोटांत श्वास येतो. दातारांचा गज ऐकताना कुठे श्वास घेतला हे कळतं. मुलाला एका संध्याकाळी पलुस्करांचं गाणं ऐकवा आणि दुसऱ्या संध्याकाळी दातारांचं वादन. काही समजावून सांगू नका. त्याला जे कळायचं ते कळेल.

डॉ. एन. राजम यांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी. जन्म १९३८चा, घराणं कर्नाटक संगीताचं, वडील नारायण अय्यर हेच पहिले गुरू, तिसऱ्या वर्षापासून व्हायोलिन हातात. भाऊ टी. एन. कृष्णन हे कर्नाटक पद्धतीचे दिग्गज वादक. वाद्यावर एवढी हुकूमत आल्यावरही राजम पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकायला गेल्या, आणि ओंकारनाथजी गायक. ख्याल गळ्यातून जसा निघतो तसा तारेवर काढायचा, या एका ध्यासात त्यांनी आयुष्य घातलं, बनारस हिंदू विद्यापीठात सुमारे चार दशकं शिकवलं. मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, अशा तीन पिढ्या आज एकत्र वाजवतात.

गोव्याचे मिलिंद रायकर यांनी व्हायोलिनची सुरुवात पाश्चात्त्य पद्धतीने केली. पुढे ते हिंदुस्थानी संगीताकडे वळले, दातारांकडे शिकले आणि शेवटी गानसरस्वती किशोरी आमोणकर यांचे शिष्य झाले, त्यांना साथही करू लागले. पुन्हा तेच. वाद्य हातात पक्कं बसल्यावरही ते गायिकेपुढे शिष्य म्हणून बसले.

आणि भावगीतांच्या वाटेने गेलेले प्रभाकर जोग. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या आवारातल्या सभागृहाला गदिमांचं नाव आहे. त्या गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली छप्पन्न आठवडे चाललं, त्यात व्हायोलिन प्रभाकर जोगांचं होतं. बाराव्या वर्षापासून ते पुण्यातल्या वाड्यांमध्ये सव्वा रुपया आणि नारळ अशा बिदागीवर वाजवत. पुढे ते नुसतं व्हायोलिनवर मराठी गाणी वाजवू लागले, तेव्हा श्रोत्यांना शब्द ऐकू आल्याचा भास होई, म्हणून कार्यक्रमाचं नावच पडलं ‘गाणारं व्हायोलिन’. ज्या मुलाला रागदारीची गोडी अजून लागलेली नाही, त्याच्यासाठी ही सर्वांत सोपी आणि प्रामाणिक वाट आहे. येणारं गाणं आधी गुणगुणायचं, मग शब्दांच्या वजनासकट तारेवर आणायचं.

गावात काय आहे ते आधी वापरा

तुम्ही म्हणाल, गवई आम्ही आणायचे कुठून? माझं उत्तर आहे, भजनी मंडळापासून सुरुवात करा. आपल्या भागात तुकोबांची पालखी बारामतीवरून जाते, बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होतं, आणि गावोगाव भजनाची परंपरा जिवंत आहे. तिथे मुलाला फुकटात तीन गोष्टी मिळतात. विणेचा आणि पेटीचा सतत चाललेला षड्ज, पखवाजाचा ठेका आणि दहा-वीस माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळायची सवय. सहा-सात वर्षांचं मूल आठवड्यातून एकदा मोठ्या माणसांच्या मांडीला मांडी लावून टाळ धरून बसलं आणि आठ मात्रांच्या ठेक्यात चुकेनासं झालं, की त्याचा पाया निम्मा भरला असं समजा. नंतर एखादे पेटीवर गाणं शिकवणारे शिक्षक किंवा बाई गाठून वर्षभर अलंकार, सरगम आणि दोन-चार सोपे राग गळ्यातून करून घ्या. भूप, दुर्गा, यमन, काफी, एवढं पुरे.

गोव्याने हेच केलं होतं. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गाणं आणि व्हायोलिन शिकवलं जाई, तेही गावातच. त्यातून निघालेले वादक मुंबईच्या सिनेसंगीताचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल शर्मा लहान वयात त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गावात शिकवणारा माणूस आणि रोज वाजवायची जागा असली की पिढी घडते, याचा याहून चांगला दाखला आपल्या शेजारी दुसरा नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गाण्याची सुरुवात पेटीवर झाली तरी व्हायोलिन हाती आल्यावर रियाज तानपुऱ्यावर हवा. तानपुऱ्याचं ॲप फोनमध्ये असतंच. पेटीचे सूर ठरलेले, बांधलेले असतात. त्यांच्या आधाराने वाजवणारं मूल कान न लावता पेटीच्या मागे मागे धावायला शिकतं. तानपुरा फक्त षड्ज-पंचम देतो, बाकीचे सूर मुलाला स्वतः शोधून काढावे लागतात.

वाद्य घेताना

पूर्ण आकाराचं व्हायोलिन मोठ्या माणसासाठी असतं. मुलांसाठी लहान आकार मिळतात: १/८, १/४, १/२, ३/४ आणि शेवटी ४/४. वय बघून घेऊ नका, हात मोजून घ्या. मुलाने डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला पसरावा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत अंतर मोजावं. ते साधारण ५८ सेंटिमीटर भरलं तर पूर्ण आकार. बहुतेक मुलं अकरा-बारा वर्षांच्या पुढे तिथे पोचतात. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून मोठं व्हायोलिन घेण्याचा मोह होतो. तो आवरा. मोठ्या वाद्यावर करंगळी ताणताना मनगट वाकडं पडतं आणि ती सवय पुढे काही केल्या जात नाही.

ऑनलाइन मिळणारं अगदी स्वस्त व्हायोलिन बहुतेक वेळा वाजवण्याजोगं नसतं. घोडी नीट घासलेली नसते, तारा पट्टीपासून फार वर असतात, खुंट्या फिरवल्या की घसरतात. मुलाची बोटं दुखतात आणि घरच्यांना वाटतं याला आवडच नाही. शक्यतो शिकवणाऱ्या गुरूंना दाखवून, पुण्यातल्या एखाद्या वाद्यांच्या दुकानात हातात घेऊन, वाजवून घ्या. तिथेच घोडी आणि खुंट्या बसवून घ्या. चांगल्या तारांचा एक संच, राळेची वडी आणि खांद्याची उशी यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा. लहान वाद्य वापरलेलं मिळालं तर नव्याचा हट्ट धरू नका.

आपल्या हवेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना याची कल्पना नसते. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये कोरडी उष्णता असते, लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडून तारा सुटतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि त्याच खुंट्या अडकतात. मग मुलं जोर लावतात आणि तार तुटते. उन्हाळ्यात वाद्य पेटीत बंद ठेवा, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं आणि उष्णतेने सांधे उकलतात. डेझर्ट कूलरच्या वाऱ्यासमोर बसून वाजवू नका. त्यातली ओल वाद्यालाही लागते आणि गजाच्या केसांनाही. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करायचा आणि तारांखाली पडलेली राळेची पांढरी भुकटी मऊ फडक्याने पुसायची. एवढं मुलाला पहिल्या दिवसापासून त्याच्या त्याला करू द्या.

गुरू कसे निवडावेत

पुण्यात व्हायोलिनच्या तालमीची मोठी परंपरा आहे. अतुलकुमार उपाध्ये यांची व्हायोलिन अकादमी आणि तिचा स्वरझंकार महोत्सव अनेकांना माहीत असेल. रमाकांत परांजपे यांच्यासारख्या वादकांनी पुष्कळ विद्यार्थी तयार केले. मुंबईत रायकरांची अकादमी आहे. पण नावापेक्षा तुमच्या मुलाला वेळ कोण देणार, हे महत्त्वाचं. प्रवेश घेण्याआधी एक तास वर्गात बसू देण्याची विनंती करा आणि पाहा. गुरू स्वतः वाद्य हातात घेऊन वाजवून दाखवतात का? मुलाकडून सूर गाऊन घेतात का? चुकलं की ‘चुकलं’ म्हणून सोडून देतात, की बोट कुठे पडलं आणि कुठे पडायला हवं हे दाखवतात? वाद्य सुरात लावायला मुलाला शिकवतात, की दर वेळी स्वतःच लावून देतात? या चार गोष्टी दिसल्या तर फीची घासाघीस करू नका.

पहिली दोन वर्षं प्रत्यक्ष शिकणं आवश्यक आहे, असं मी आग्रहाने सांगेन. गजाची पकड, अंगठ्याचं वाकणं, खांदा उचलला जाणं या गोष्टी फोनच्या पडद्यावर पुरत्या दिसत नाहीत, आणि हातात एकदा चुकीची बैठक मुरली की ती काढायला शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो. दर आठवड्याला पुण्याला जाणं जमत नसेल तर पंधरा दिवसांनी जा, पण दीड-दोन तास बसा. एस.टी.चा प्रवास धरून अख्खा रविवार जाईल, तो जाऊ द्या. दोन-तीन कुटुंबांनी मिळून गुरूंनाच महिन्यातून एकदा बारामतीला बोलावलं तर आणखी चांगलं. पाया पक्का झाल्यावर मधले धडे ऑनलाइन चालतात.

हिंदुस्थानी की पाश्चात्त्य, हेही आधी ठरवावं लागेल. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे घेऊन वाद्याचं डोकं पावलावर टेकवायचं आणि दुसरं टोक डाव्या खांद्याशी. त्यामुळे डावा हात वाद्याचा भार न घेता मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यासाठी, मोकळा राहतो. तारा बहुधा षड्ज-पंचमाच्या जोडीने लावतात. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीत बसून, हनुवटीखाली वाद्य, तारा जी-डी-ए-ई, आणि पहिल्या दिवसापासून स्वरलेखन वाचणं. दोन्ही उत्तम. पण दोन्ही एकदम सुरू करू नयेत. घरात भजन-अभंग कानावर पडत असतील तर मी हिंदुस्थानी पद्धत सुचवेन, कारण मुलाचा कान त्या वळणाचा आधीच आहे.

रियाज

सुरुवातीच्या मुलाला रोज वीस मिनिटं, नंतर तीस. हे रोज हवं. रविवारी एकदम तीन तास वाजवण्याला काही अर्थ नाही. पहिली पाच मिनिटं वाद्य हातात नको. तानपुरा लावून षड्ज गायचा. मग गज उचलायचा आणि मोकळ्या तारेवर मुठीपासून टोकापर्यंत एक लांब ओढ, मनात आठ मोजत, आणि टोकापासून मुठीपर्यंत परत आठ. गज घोडी आणि पट्टी यांच्या मधोमध, घोडीला समांतर चालला पाहिजे. तिरका झाला की आवाज करकरतो. आरशासमोर बसवलं तर मुलाला स्वतःच दिसतं. हाताचं वजन कुठे कमी पडलं, कुठे जास्त झालं, हे त्या एका ओढीत ऐकू येतं. तयार वादकही रोजची सुरुवात या लांब गजाने करतात. मग बोटं: आधी सूर गायचा, मग बोट ठेवायचं, मग पुन्हा गाऊन ताडून पाहायचं. सुरुवातीला गुरू पट्टीवर चिकटपट्टीच्या खुणा लावून देतात. त्या सहा-आठ महिन्यांत काढायला सांगा. डोळ्याने जागा शोधणाऱ्याचा कान झोपी जातो.

मोठेपणी किती तास लागतात, याबद्दल बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास फार गाजला. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तो १९९३ साली प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांचा एकट्याने केलेला रियाज सरासरी ७,४०० तासांच्या आसपास होता, त्याखालच्या गटाचा ५,३०० आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४००. यावरूनच पुढे ‘दहा हजार तास’ हा मंत्र जगभर पसरला. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी असाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा सर्वोत्तम आणि चांगले यांच्यात तासांचा मोठा फरक दिसला नाही. म्हणजे तास हवेतच, पण नुसते तास मोजून भागत नाही. एरिक्सनच्या अभ्यासातली मला जास्त मोलाची वाटणारी बाब वेगळी आहे: त्यातले सर्वोत्तम विद्यार्थी एका बैठकीत दीड तासाच्या आत थांबत, मध्ये विश्रांती घेत आणि इतरांपेक्षा जास्त झोपत. आपल्याकडे पहाटे चारला उठवून मुलाला पेंगत वाजवायला लावणारे पालक आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं. शाळा-क्लास सांभाळून सकाळी चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं, तीही ताज्या मनाने, हे माध्यमिक शाळेतल्या मुलासाठी भरपूर आहे.

शरीराची काळजी हा व्हायोलिनच्या तालमीचाच भाग आहे, आणि याचा सर्वांत मोठा धडा पुण्यातून जगाला मिळाला. येहुदी मेनुहिन हे विसाव्या शतकातलं अत्यंत गाजलेलं बालप्रतिभेचं नाव. सातव्या वर्षी त्यांनी जाहीर वादन केलं आणि किशोरवयातच जग जिंकलं. पण लहानपणी सहज जमलेलं तंत्र मोठेपणी डळमळू लागलं. आपण हे कसं करतो याचा विचार कधी केलेलाच नव्हता, म्हणून प्रौढ वयात त्यांना पुन्हा मुळापासून शिकावं लागलं. १९५२ साली ते भारतात आले तेव्हा त्यांची भेट पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी झाली. त्यांच्याकडे आसनं शिकून मेनुहिन यांना एवढा आराम पडला की त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर त्यांनी अय्यंगारांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हटलं आहे. तेव्हा मान, खांदा, मनगट यांत रोज दुखत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नका. थांबा, गुरूंना दाखवा, गरज वाटली तर डॉक्टरांना. बहुतेक वेळा बैठक चुकत असते किंवा वाद्याचा आकार.

परीक्षा, पैसा आणि पुढचं

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा व्हायोलिनलाही आहेत. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंत. त्या द्याव्यात, अभ्यासाला शिस्त येते, दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुणही मिळतात, त्याच्या अटी शाळेत विचारून घ्या. पण वर्षभर फक्त परीक्षेचे चार राग घोकणारं मूल चार वर्षांनी त्याच चार रागांत अडकलेलं दिसतं. प्रमाणपत्राला तेवढंच महत्त्व द्या. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची शिष्यवृत्ती आहे आणि अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती. ग्रामीण भागातून या दोन्हींसाठी अर्ज करणारी मुलं कमी दिसतात. अर्ज जरूर करा.

पोट भरेल का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर दिलं पाहिजे. एकल वादनावर जगणारे फार थोडे. एके काळी मुंबईच्या सिनेसंगीतात एकेका गाण्याला डझनावारी व्हायोलिनं असत. सिंथेसायझर आल्यावर ते काम पुष्कळ आटलं. आज वादकाची मिळकत साथसंगत, ध्वनिमुद्रण, आकाशवाणीची श्रेणी आणि शिकवणी अशी चार ठिकाणांहून मिळून उभी राहते. पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेल्यांसाठी मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण तिथे उभं राहायचं तर लहानपणापासूनची कडक तालीम हवी. म्हणून पदवीचं शिक्षण सोडू नये, असंच मी सांगेन. राजम यांची नात नंदिनी चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि ती उत्तम वाजवते.

ऐकणं मात्र आजपासून सुरू करा. डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, आणि त्याहून आपल्याला जवळचा वाटावा असा औंधचा संगीत महोत्सव, जो अंतुबुवांनी आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला आणि जो आजही चालू आहे. मुलाला पुढच्या रांगेत बसवा. वादकाचा उजवा हात बघायला सांगा, डावा नव्हे. सूर डाव्या हाताने सापडतो, पण त्यात जीव उजव्या हाताने येतो.

मोठ्या वयाच्या वाचकांसाठी दोन शब्द. चाळिशीत सुरुवात करून मैफलीचा वादक होता येत नाही, पण तीन-चार वर्षांत आवडती भावगीतं आणि अभंग सुरात वाजवता येतात. गाणं येत असेल तर त्याहून लवकर.

आणि एक विनंती. लहान आकाराचं व्हायोलिन मुलाला दोन-तीन वर्षंच पुरतं, मग ते कपाटावर जाऊन बसतं. तुमच्या घरात असं १/४ किंवा १/२ आकाराचं वाद्य पडून असेल तर त्याच्या तारा बदलून, खुंट्या ठीक करून ते गावातल्या शाळेला किंवा शिकू पाहणाऱ्या दुसऱ्या मुलाला द्या. अशी पाच-सहा वाद्यं एका शाळेत जमली आणि पालकांनी मिळून महिन्यातून दोनदा गुरू बोलावले, तर बारामतीत किंवा इंदापुरात व्हायोलिनचा वर्ग सुरू व्हायला आणखी कशाचीही गरज नाही.